चारपट शेअर, एकपट पैसा: कर्ज काढून शेअर घेणं म्हणजे नेमकं काय, सोप्यात

परवा रविवारी राजारामपुरीतनं भाचा आला होता. तांबडा-पांढरा ओरपून झाला, गडी सोफ्यावर आडवा झाला आणि मोबाईल दाखवायला लागला. शेअरचं अ‍ॅप. खरेदीच्या पानावर तीन बटणं, डिलिव्हरी (पूर्ण पैसे देऊन घ्यायचं), इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकायचं) आणि एमटीएफ (ते खाली सांगतो). तिसरं दाबलं की खालचा आकडा बदलतो, चार लाखाच्या शेअरला 'लागणारी रक्कम' एक लाख. "मामा, बघा की, उरलेले तीन ब्रोकर घालतोय. नाद खुळा!" मी विचारलं तीन लाखाचं व्याज किती, तर म्हणाला "हाय कायतरी, दिवसाला शंभर-सव्वाशे." दिवसाच्या हिशोबात सांगितलं की कुठलंही व्याज एका मिसळीच्या भावातलं वाटतंय, हीच त्यातली गंमत आहे.

हे बटण काय एकट्या भाच्याकडं नाही. ब्रोकरांनी गिऱ्हाइकांना असे जे उसने पैसे दिलेत त्याची एकूण बेरीज २०२५ मध्ये एक लाख कोटीच्या वर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की शेअर तारण घेऊन एका माणसाला द्यायच्या बँक कर्जाची मर्यादा २० लाखावरून १ कोटी करणार. म्हणजे कर्ज काढून बाजारात उतरायची वाट रुंद होत चाललीय, आणि त्या वाटेवर बोर्ड मात्र सगळे इंग्रजीत. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी शब्द समजून घेऊ

एमटीएफ म्हणजे मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी. तुम्ही थोडे पैसे घालायचे, बाकीचे ब्रोकर घालणार, शेअर तुमच्या नावावर येणार पण ब्रोकरकडं गहाण राहणार. खरेदी झाल्यावर मोबाईलवर एक लिंक येते आणि ओटीपी टाकायला सांगतात, तो ओटीपी म्हणजे गहाणखतावरचा अंगठा आहे, बरेच जण डिलिव्हरीचा ओटीपी समजून टाकून मोकळे होतात. तुम्ही घातलेली रक्कम म्हणजे मार्जिन. बास, हे दोन शब्द कळले तरी पुढचं कळंल.

बाकीच्या वाटा आपल्या ओळखीच्या आहेत. गुजरीतनं घेतलेलं सोनं बँकेत ठेवून गोल्ड लोन, पर्सनल लोन, किंवा आधीचे शेअर तारण ठेवून लोन. शेअर तारणात फायनान्स कंपन्या साधारण निम्म्या किमतीपर्यंतच कर्ज देऊ शकतात, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. हा नियम का असावा ह्याचा जरा विचार करून ठेवा, ज्यांचा धंदाच कर्ज देण्याचा आहे ते शंभराच्या शेअरवर पन्नासच देतात.

चारपट होतं म्हणजे काय काय चारपट होतं

भाच्याचंच उदाहरण घेऊ. शेअर ४०० रुपयांचा, नग १,०००, म्हणजे ४ लाख. स्वतःचे १ लाख, ब्रोकरचे ३ लाख, व्याज वर्षाला १४ टक्के धरू.

शेअर १० टक्के वर गेला, ४४० झाला, फायदा ४० हजार. स्वतःचे घातले एक लाख, म्हणजे ४० टक्के. इथपर्यंत सगळ्यांना समजतंय, रील पण इथंच संपतं. आता तोच शेअर १० टक्के खाली आणा, ३६०. तोटा ४० हजार, म्हणजे तुमच्या लाखातले ४० टक्के गेले. २५ टक्के पडला, ३०० झाला, की तुमचा लाख पूर्ण साफ, आणि ब्रोकरचे तीन लाख जिथल्या तिथं. त्याखाली गेला तर? तर तुम्ही ब्रोकरला देणं लागता. शेअर शून्य झाला नाही, कंपनी बुडली नाही, तिकडं कारखान्यात दुसरी पाळी नेहमीसारखी चालू आहे, पण तुम्ही बुडालात.

पंचगंगेची पातळी

कोल्हापूरकराला मार्जिन कॉल समजावायला फार कष्ट नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला गेली की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. इशारा पातळीला आली की आंबेवाडी, प्रयाग चिखलीची माणसं जनावरं सोडायला लागतात, कारण त्यांना माहीत असतंय की पुढचे चार फूट कधी चढतील सांगता येत नाही, रात्रीत पण चढतात.

एमटीएफमध्ये शेअर खाली येईल तसं पाणी वर चढतंय असं समजा. इशारा पातळीला ब्रोकरचा मेसेज येतो, मार्जिन कमी पडलंय, पैसे भरा. हाच मार्जिन कॉल. नाही भरले तर धोका पातळीला ब्रोकर तुमचे शेअर विकून आपले पैसे मोकळे करतो. ह्याला स्क्वेअर ऑफ म्हणतात.

आता आकडे. शेअर ३६० ला आला, एकूण किंमत ३ लाख ६० हजार, ब्रोकरचे ३ लाख, तुमचे राहिले ६० हजार. २५ टक्के मार्जिन पाहिजे असेल तर लागतात ९० हजार. तीस हजार कमी. आता नीट बघितलं तर एक गोष्ट ध्यानात येईल, खरेदीच्या दिवशी तुमचे बरोबर २५ टक्केच होते, म्हणजे पहिल्या दिवशीच पाणी इशारा पातळीला टेकलेलं, शेअर दहा रुपये खाली आला तरी मार्जिन कमीच पडणार. ब्रोकर थोडी सूट देतात, पण किती ते प्रत्येकाचं वेगळं आणि ते त्यांच्या अटीत असतंय, तुमच्या मनात नाही. शिवाय बाजार हलायला लागला की मार्जिनची टक्केवारीच वाढवतात. म्हणजे नदी चढतेच आहे आणि धोक्याची खूण ४३ वरनं ४० वर आणून ठेवली.

आणि हे विकायला कोण माणूस बसलेला नसतो. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी त्या पातळीला आलं की उघडतात, कुणाला फोन करून विचारत नाहीत. इथं पण तसंच. आणि एक दरवाजा उघडला तर नदीला फरक पडत नाही, पण एकापाठोपाठ एक उघडत गेले की शहरात पाणी येतंय. एकाच शेअरवर हजारो लोकांनी उसने पैसे लावले असले की पहिल्यांचे शेअर विकले जातात, त्यानं भाव अजून पडतो, मग दुसऱ्यांची धोका पातळी येते. उधारीवर चढलेला शेअर पडताना एवढ्या जोरात का पडतो त्याचं अर्धं उत्तर हे.

"पण शेअर परत वर येतोच की"

येतो. बऱ्याचदा येतो. इथंच माणूस फसतो म्हणून जरा थांबून बघू.

तीस हजार भरले नाहीत. ब्रोकरनं ३६० च्या भावानं साधारण ३३४ शेअर विकले, १ लाख २० हजार मोकळे केले, मार्जिन परत २५ टक्क्यावर. तुमच्याकडं राहिले ६६६ शेअर. पुढच्या आठवड्यात शेअर परत ४०० वर आला, होता तिथंच. तुमचे पैसे? साधारण १३ हजार कमी, आणि व्याज वेगळं. भाव परत आला, विकलेले शेअर परत येत नाहीत.

हे कागदावरचं गणित वाटत असंल तर जून २०२४ आठवा. ४ जूनला लोकसभेचा निकाल, सेन्सेक्स एका दिवसात ४,३९० अंकांनी पडून बंद झाला. ७ जूनला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, सेन्सेक्स उच्चांकावर बंद झाला. ज्यानं स्वतःच्या पैशाचे शेअर घेऊन ठेवले होते आणि तो त्या आठवड्यात शेतात किंवा फौंड्रीत कामात होता, त्याला काय झालं ते कळलं पण नसंल. ज्याचे शेअर उधारीचे होते त्याचे ४ तारखेलाच गेले, आणि ७ तारीख त्यानं नुसती बघितली. दोघांचा शेअर एक, अंदाज पण एकच बरोबर. एकाला थांबता आलं, दुसऱ्याच्या वतीनं थांबायचं का नाही ते ब्रोकरनं ठरवलं. मला विचाराल तर सगळा विषय एवढाच आहे, व्याजाचा दर हा नंतरचा भाग.

अजून एक. धोका पातळीला ब्रोकर विकतो म्हणजे विकलं जातंच असं पण नाही. शेअरला खालचं सर्किट लागलं, म्हणजे दिवसाची पडायची मर्यादा गाठली, की विकणारे हजार आणि घेणारा कोण नाही. २३ मार्च २०२० ला, कोरोनात, सेन्सेक्स १३ टक्के पडला, मध्ये बाजार थांबवायला पण लागला. अशा वेळी तोटा तुमच्या मार्जिनपाशी येऊन शहाण्यासारखा थांबत नाही.

"व्याज १४ टक्के, माझा शेअर त्यापेक्षा जास्त देतो"

हा सगळ्यात आवडता मुद्दा. ठीक आहे, शेअर तुम्ही म्हणताय तसा वर गेला असं धरू, ४ लाखावर १२ टक्के, अकरा महिन्यांत. फायदा ४८ हजार. ३ लाखाचं अकरा महिन्यांचं व्याज ३८,५००. राहिले साडेनऊ हजार. आता वर्षाच्या आत विकलं म्हणून २० टक्के टॅक्स, आणि हा टॅक्स साडेनऊ हजारावर नाही, पूर्ण ४८ हजारावर, कारण गुंतवणूकदाराला कॅपिटल गेनमधनं, म्हणजे शेअर विकून झालेल्या फायद्यातनं, कर्जाचं व्याज साधारणपणे वजा धरता येत नाही (ट्रेडिंग हा धंदा म्हणून दाखवत असाल तर हिशोब वेगळा, ते तुमच्या सीएला विचारा). टॅक्स आणि त्यावरचा सेस मिळून ९,९८४ रुपये. म्हणजे शेअर १२ टक्के वर जाऊन, अकरा महिने जीव मुठीत धरून, खिशातनं ४८४ रुपये गेले. ब्रोकरेज अजून धरलंच नाही. ब्रोकरला व्याज मिळालं, सरकारला टॅक्स मिळाला, भाच्याला स्क्रीनशॉट.

"मग घराला आणि धंद्याला कर्ज काढता ते कसं चालतंय?"

चांगला प्रश्न आहे, आणि उद्यमनगरातल्या माणसानं विचारला तर अगदी रास्त, कारण त्याचा सगळा धंदा कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या चालू उधारीवर, चालतो.

घराचं बघा. तुमच्या फ्लॅटचा भाव १५ टक्के पडला तर बँक काय सकाळी सव्वानऊला मेसेज टाकत नाही की दुपारपर्यंत चार लाख भरा नायतर किचन विकतो. हप्ता वेळेत जातोय तोवर भाव काय आहे ह्याच्याशी बँकेला देणंघेणं नाही, आणि तुम्ही तिथं राहता, भाडं वाचतंय. फौंड्रीवाल्याच्या कर्जातनं भंगार येतं, कास्टिंग जातं, बिल येतं, त्यातनं हप्ता भागतो, शिवाय ऑर्डर कमी झाली तर तो एक पाळी बंद करू शकतो, त्याच्या हातात काहीतरी असतंय. शेअर मात्र विकल्याशिवाय हप्त्याला पैसा देत नाही (डिव्हिडंड येतो, पण १४ टक्के व्याजाला तो कुठं पुरणार), आणि त्याचा भाव रोज, मिनिटाला लावला जातो. कर्ज सगळीच कर्जं, पण कशाच्या जिवावर फेडायचं हे बघायला नको का.

"मी ब्रोकरचं घेणारच नाही, माझं कर्ज स्वस्त आहे"

आमच्या जिल्ह्यात हा प्रकार लई चालतो, उघड कोण बोलत नाही एवढंच. सोसायटीचं पीक कर्ज ३ लाखापर्यंत वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. मग कोणतरी पारावर डोकं लढवतो, बिनव्याजी पैसा बाजारात फिरवू आणि जूनअखेर भरू. पैसा पिकासाठी दिलेला आहे हे जरा बाजूला ठेवू. पण त्या वाक्यात 'वेळेत' हा शब्द आहे. तुमची मुदत जूनअखेर, आणि बाजाराला जूनअखेर ठाऊक नाही. मेमध्ये बाजार पडला की तुम्ही एकतर तोट्यात विकणार किंवा थकबाकीत जाणार, थकलात की सवलत गेली आणि पुढच्या हंगामाचं कर्ज अडलं.

हे मी ऐकीव सांगत नाही. जानेवारी २००८, सेन्सेक्स २१ हजाराच्या वर, आणि मी बायकोच्या चार पाटल्या गहाण ठेवून एक लाखाचे शेअर घेतले. वर्षाचं कर्ज, मार्जिन कॉलची भानगड नाही, मी स्वतःला लई हुशार समजत होतो. ऑक्टोबरात सेन्सेक्स ८ हजाराच्या खाली जाऊन आला. तरी मी गप्प बसलो, येईल परत म्हणून. व्याज भरून कर्ज नवंजुनं करता आलं असतं, पण फेब्रुवारीत मेव्हणीचं लग्न, आणि पाटल्या हातात पाहिजेत की. शेअर निम्म्यापेक्षा कमी भावात विकले, वर बायकोची भिशी घातली आणि पाटल्या सोडवल्या. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, १८ मे २००९ ला, निवडणुकीच्या निकालानंतर सेन्सेक्स एका दिवसात २,११० अंकांनी वर गेला आणि वर्ष संपता संपता १७ हजाराच्या पुढं होता. शेअर काय वाईट घेतले नव्हते मी. लग्नाची तारीख आणि बाजाराची तारीख जुळली नाही. लग्नात बायको सगळ्यांशी हसून बोलत होती, माझ्याशी नाही.

"पर्सनल लोनचा हप्ता पगारातनं जाईल, मला विकायला लागणारच नाही"

ह्यात दम आहे, वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त. पण बहुतेक बँका पर्सनल लोनच्या करारात हा पैसा सट्ट्याला वापरणार नाही असं लिहून घेतात, ते एकदा वाचा. आणि हिशोब असा. ५ लाख, १४ टक्के, ३ वर्षं, हप्ता साधारण १७,०९०. सप्टेंबर २०२४ च्या शेवटाला निफ्टी २६,२७७ वर गेला होता, समजा तिथंच कुणी हे ५ लाख निफ्टीच्या फंडात घातले. ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी २१,७४३ ला टेकला. सहा हप्ते, म्हणजे १ लाख अडीच हजार भरून झालेत, कर्ज अजून ४ लाख ३० हजार बाकी आणि फंडात ४ लाख १४ हजार. अशा महिन्यात कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला तर काय होतंय ते सांगायला नको. आणि पगारातनं १७ हजार दर महिन्याला खरंच बाजूला निघत असतील तर तेवढ्याचीच एसआयपी का नाही, एखाद्या महिन्यात जमलं नाही तर थांबवता येते, रिकव्हरीवाला दारात येत नाही.

कर्ज दिसत नाही पण उधारीच असते

फ्युचर्स-ऑप्शन्सवर, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांवर, इथं जास्त लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. एवढंच, की इंडेक्सच्या (निफ्टी-सेन्सेक्ससारख्या) एका लॉटची, म्हणजे एका गठ्ठ्याची, किमान किंमत सेबीनं, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नोव्हेंबर २०२४ पासून १५ लाख केलीय आणि फ्युचरला तुम्ही त्याचा थोडा हिस्साच भरता, म्हणजे पटीचा खेळ इथंही तोच. सेबीनंच मोजलं तेव्हा २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत ह्यात उतरलेल्या साध्या ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटीच्या वर.

जुन्या लोकांना 'बदला' आठवत असंल. मुंबई शेअर बाजारात पूर्वी पैसे न भरता सौदा व्याजावर पुढं ढकलायची पद्धत होती, ती २००१ मध्ये बंद केली. आजचं एमटीएफ त्यापेक्षा बरंच शिस्तीचं आहे, सेबीचे नियम आहेत, कुठल्या शेअरवर द्यायचं ते ठरलेलं आहे. पण हे सगळे नियम ब्रोकर आणि बाजार बुडू नये म्हणून आहेत, तुमचा लाख वाचावा म्हणून नाहीत.

आधीच घेतलंय, आता काय?

भाच्यानं शेवटी कबूल केलं की त्यानं गेल्याच आठवड्यात घेतलेत. मग त्याला कागद-पेन दिलं. एक, रोज व्याज किती कापतंय आणि आजपर्यंत किती झालं, ते लेजरमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या खात्याच्या हिशोबात, दिसतं. दोन, ब्रोकर नक्की कुठल्या भावाला विकणार, तो आकडा. तीन, उद्या सकाळी तीस हजार भरा म्हटलं तर कुठनं आणणार, आईला न सांगता. पहिलं पाच मिनिटात सापडलं. तिसऱ्याला गडी गप्प बसला. मी म्हटलं, ह्याचं उत्तर नसंल तर उद्या एवढे शेअर वीक की ब्रोकरचं देणं फिटेल, उरतील ते तुझे, मग बघ वाट किती बघायची ती. दुसऱ्या आकड्यासाठी अ‍ॅपमधल्या अटी उघडल्या, बारीक अक्षरात खाली खाली गेला, चष्मा मी लावला आणि वाचत तो होता. एका ओळीवर अंगठा थांबला.

"मामा, 'पूर्वसूचना न देता' म्हणजे मेसेज पण नाही टाकायचे व्हय?"